विकलेला माल परत घेतला जाणार नाही

आमच्या भागातल्या कोणत्याही जुन्या दुकानात जा, दोन पाट्या हमखास दिसतात. एक गल्ल्याच्या वर, देवाच्या तसबिरीशेजारी : ‘ग्राहक हाच आमचा देव’. दुसरी तिच्या खाली, जरा मोठ्या अक्षरांत : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. लहानपणी मला या दोन पाट्यांत काही विसंगती वाटत नसे. देव तरी नैवेद्य कुठे परत करतो? ताटात जे पडेल ते त्याने मुकाट्याने घ्यायचे असते. आम्ही गिऱ्हाइके खरोखरच तसले देव होतो, दगडाचे.

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या अंगाला आमचे गाव आहे. दोन एकर धान, एक बैलजोडी आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता, यांवर आमचे घर चालते. बाबांना सही करता येते. आई चौथीपर्यंत शिकली आहे. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरात मी पहिली. त्यामुळे तक्रार म्हणजे काय, हे मला घरात कोणी शिकविले नाही. उलट, तक्रार कशी करू नये याचे शिक्षण मात्र मला अगदी बालपणापासून मिळाले.

ते शिक्षण मिळाले तेंदूपत्त्याच्या फळीवर. पहाटे अंधारात जंगलात जायचे, ऊन चढेपर्यंत पाने तोडायची, घरी आणून सगळ्यांनी मिळून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. मोजणारा मुन्शी शेकड्यामागे चार-पाच पुडे बाद करी. कधी पान बारीक, कधी फाटके, तर कधी काही कारणच नाही. गंमत अशी की बाद केलेले पुडे आम्हांला परत मिळत नसत. ते त्याच ढिगात जात. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा बाबांना विचारले, “बाबा, ते आपले पुडे परत काहून नाई मागत?” बाबा हळूच म्हणाले, “उद्याही त्याच्याकडंच जाचं हाये ना, बाई.”

या एका वाक्यात गरिबाचे सगळे अर्थशास्त्र आले आहे, असे मला आता वाटते. त्याला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. पण तो केवळ भित्रेपणा नव्हता, तो हिशेब होता. पाच पुडे गेले तरी चालतील, पण उद्याची फळी जाता कामा नये. हाच हिशेब किराण्याच्या दुकानात, कृषी केंद्रात आणि दवाखान्यातही आमचे लोक मांडत आले. मार्कंड्याच्या जत्रेत घेतलेली वस्तू घरी येईपर्यंत मोडली, तर आई हसून म्हणायची, “जत्रेचा माल तो, जत्रेतच चांगला दिसते.” आणि विषय संपायचा.

पण एक विषय असा आला की तो हसून संपविता येईना. त्याचीच ही हकीकत.

२०२४ च्या मे महिन्यात मी बारावी पास झाले. कॉलेजात नाव घालायचे तर रोजचा प्रवास, पुस्तके, फी, सगळाच प्रश्न होता. आईने एक मार्ग काढला. तिला शिवणकाम येत होते. शेजारच्या काकूंच्या जुन्या मशीनवर ती कधीमधी ब्लाऊज शिवून देई. तिने बचत गटातून सहा हजार रुपये कर्ज काढले, तेंदूपत्त्याच्या पैशांतून तीन हजार दोनशे घातले आणि मोटर लावलेली नवीन शिलाई मशीन घ्यायचे ठरविले. “मशीन तुले शिकवन,” ती म्हणाली. मशीनने मला शिकविले खरे, पण आईच्या मनात होते ते नव्हे.

जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावच्या दुकानातून आम्ही मशीन आणली. दुकानाचे नाव मी येथे देत नाही. त्याचे कारण पुढे कळेल. किंमत नऊ हजार दोनशे. मामाने पाच हजार मोबाईलवरून दिले आणि बाकीचे बाबांनी धोतराच्या गाठीतून काढून मोजले. बिलाविषयी विचारले तेव्हा शेठ म्हणाले, “पक्के बिल घ्याल तर टॅक्स वेगळा पडेल. बघा, तुमचाच फायदा आहे.” बाबा म्हणाले, “राहू द्या, शेठ.” एका कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने आकडा लिहून मिळाला. वर्षभराच्या हमीच्या कार्डावर मात्र शेठनी शिक्का मारून तारीख घातली : ५ जून.

आईने मशीनला हळद-कुंकू वाहिले. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे गणवेषांची कामे आलेली होती. तिने चौदा गणवेष अंगावर घेतले. अकराव्या दिवशी मशीन टाके सोडू लागली. चार टाके पडत, दोन सुटत. सुई तटकन तुटे. आईला वाटले, आपलाच हात चुकतो आहे. तिने सुई बदलली, दोरा बदलला, नवऱ्याला आणि मुलीला न सांगता रात्री उठून पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. दोन गणवेषांचे कापड ओढून फाटले. ते तिने पदरच्या पैशांनी भरून दिले आणि उरलेले गणवेष काकूंच्या मशीनवर, त्यांची कामे झाल्यावर, रात्री बारा-बारा वाजेपर्यंत बसून पूर्ण केले. वस्तू बिघडली तरी दोष आपलाच असणार, अशी तिची खात्री होती. आमच्यासारख्यांना फसविणे सोपे जाते, त्याचे मुख्य कारण हेच असावे.

माझे मात्र नुकतेच कॉलेजात नाव दाखल झाले होते आणि अंगात वारे शिरले होते. मी बाबांना घेऊन दुकानात गेले. शेठ आत होते. गल्ल्यासमोर एक माझ्याच वयाचा मुलगा उभा होता. मी त्याच्यावर तुटून पडले. तुम्ही लोक गरिबांना लुबाडता, तुम्हांला लाज कशी वाटत नाही, आम्ही कोर्टात जाऊ, असे जे जे सुचले ते ते बोलले. दुकानात चार गिऱ्हाइके होती. ती तमाशा पाहू लागली. तो मुलगा खाली मान घालून उभा राहिला. अखेर शेठ बाहेर आले. त्यांनी शांतपणे विचारले, “बिल आहे?” मी गप्प. “मशीन धंद्यासाठी वापरता ना? मग हमी लागू नाही. आधी नीट चालवायला शिका.” कोणीतरी हसले. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, “लेकरू हाये, शेठ. चुकलं असन.”

बसमध्ये बाबा एक शब्द बोलले नाहीत. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर एवढेच म्हणाले, “कॉलेजात जाऊन भांडालेच शिकशीन का तू?”

ते हात जोडणे आणि तो प्रश्न, दोन्ही माझ्या मनात रुतून बसले. नऊ हजार दोनशे रुपयांपेक्षा मोठी गोष्ट आता पणाला लागली होती. मशीन बंद तर गटाचा हप्ता बंद, हप्ता बंद तर आईची गटात पत जाणार, आणि शेवटी माझे कॉलेज. पण त्याहीपेक्षा मोठे म्हणजे, शिक्षणाने माणूस केवळ भांडकुदळ होतो, असे बाबांना वाटू लागले होते.

मी दुसरा मार्ग धरला. रात्री बसून चार पानी पत्र लिहिले. त्यात शोषण होते, अन्याय होता, गरिबांचे अश्रू होते, आणि शेवटी एक काव्यमय शापही होता. मला ते इतके आवडले की मी ते आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना दाखविले. सरांनी चष्मा पुसला, चारही पाने वाचली आणि लाल पेन काढले. साडेतीन पाने त्यांनी सरळ खोडली. उरलेल्या अर्ध्या पानाच्या समासात त्यांनी पाच प्रश्न लिहिले :

काय घेतले? कोणाकडून आणि कोणत्या तारखेला? किती पैसे दिले व पुरावा काय? नेमके काय बिघडले? आणि तुम्हांला आता काय हवे आहे?

“पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे तुझ्या पत्रात शोधून काढावी लागतात,” सर म्हणाले, “पण पाचव्याचे उत्तर तर नाहीच. तुला मशीन बदलून हवी, दुरुस्त करून हवी, की पैसे परत हवेत? तुला काय पाहिजे हे तुलाच ठाऊक नसेल, तर तो बिचारा देणार काय?”

मी ओशाळले. खरेच, मला काय हवे होते? प्रामाणिकपणे सांगायचे तर मला शेठनी सर्वांसमोर हात जोडावेत असे हवे होते. पण त्याने आईच्या मशीनचे टाके जुळले नसते.

सरांनी मला वाचनालयात पाठविले. “गांधीजींनी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी काय लिहिले ते वाच,” ते म्हणाले. मला वाटले, त्यात मोठा त्वेष असेल. पण तेथे होता हिशेब! १९१७ च्या सप्टेंबर महिन्यात गांधीजींनी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि २५ सप्टेंबरला रांचीहून वर्तमानपत्रांना पत्र लिहिले. १२ तारखेला तिकीट काढले, ते तेरा रुपये नऊ आण्यांना पडले, डब्यावर बावीस उतारूंची पाटी होती, असे सगळे तपशील त्यात आहेत. डबा झाडला गेला की नाही, संडास कसा होता, वाटेत चहा कसला मिळाला, हेही त्यांनी नोंदले आहे. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक. मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक पंचमांश तरी सोय मिळते काय, असा साधा त्रैराशिकाचा प्रश्न ते विचारतात. आणि उतारूंच्या स्वतःच्या घाणेरड्या सवयी ते झाकून ठेवीत नाहीत. हे वाचून मला प्रथमच कळले की रागाला तारीख आणि आकडा जोडला म्हणजे त्याची तक्रार होते. तोवर तो नुसता राग असतो.

मग मी ग्राहक चळवळीविषयी जे मिळेल ते वाचले. आपल्या महाराष्ट्रात ही चळवळ केवढी जुनी आहे, हे वाचून मला नवल वाटले. १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध बायका एकत्र आल्या आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. पुढल्याच वर्षी मुंबईत ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन आपण पाळतो तो त्याच्याच आठवणीसाठी. त्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून तो लागू झाला.

कायद्याचे पुस्तक मी घाबरतच उघडले होते, पण त्यात मला आमच्याच घरची गोष्ट सापडली. शेठ म्हणाले होते, मशीन धंद्यासाठी, म्हणून हमी नाही. कायदा सांगतो की व्यापारासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही हे खरे. परंतु केवळ स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू त्यात धरली जात नाही. म्हणजे माझी आई ग्राहकच! बिल न देणे ही याच कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच. गल्ल्याखालच्या त्या मोठ्या अक्षरांतल्या पाटीचा दरारा माझ्या मनातून त्या दुपारी गेला. आणखी कळले की तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगापुढे करता येते. वकील दिलाच पाहिजे असे नाही. आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही लागत नाही.

एवढे सगळे हाती आल्यावर मला वाटले, आता शेठना कलमांखाली गाडून टाकावे. सरांनी पुन्हा आवरले. “तोफ खिशात असू दे. आधी दार वाजव,” ते म्हणाले. मग आम्ही जे पत्र तयार केले ते असे होते :

‘५ जून २०२४ रोजी आपल्या दुकानातून आम्ही मोटरसह शिलाई मशीन ९,२०० रुपयांस घेतली. पैकी ५,००० रुपये मोबाईलवरून दिल्याची नोंद व आपल्या शिक्क्याचे हमी कार्ड यांच्या प्रती जोडल्या आहेत. १६ जूनपासून मशीन टाके सोडते व सुई तुटते. शिवलेल्या कापडाचा तुकडा सोबत आहे. दुसऱ्या दिवशी आमच्याकडून मशीनमध्ये चुकून खोबरेल तेल पडले होते. ते पुसून मशीनचे तेल घातले. आम्ही २८ जून रोजी समक्ष आलो होतो, तेव्हा दुरुस्ती मिळाली नाही. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मशीन बदलून द्यावी अथवा कारागीर पाठवून पूर्ण दुरुस्त करून द्यावी व पक्के बिल द्यावे. तसे न झाल्यास आम्हांला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. आपण ती वेळ येऊ देणार नाही अशी आशा आहे.’

खोबरेल तेलाचे वाक्य मी लिहिणार नव्हते. आईनेच ते घातले होते, आणि ती ते सांगताना अगदी कानकोंडी झाली होती. पण सर म्हणाले, “तेही लिही. आपली चूक आपणच सांगितली की समोरच्याला ती शोधून काढायचा आनंद उरत नाही.” पत्राखाली आईने सही केली. वस्तू तिची, म्हणून सही तिची. अर्धा मिनिट पेन धरून ती कागदाकडे बघत राहिली. मग एकेक अक्षर जुळवून तिने पूर्ण नाव लिहिले.

एक प्रत दुकानाला, दुसरी हमी कार्डावरच्या पत्त्यावर कंपनीला आणि तिसरी आमच्याकडे. पत्रे रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह धाडली. (२०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा आता कोणाला असे पत्र पाठवायचे असेल त्याने स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती जपावी.) पावत्या आईने देव्हाऱ्यात ठेवल्या.

पंधरा दिवस गेले. पोचपावती आली, उत्तर आले नाही. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांची नजर बोलत होती. सोळाव्या दिवशी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, म्हणजे १९१५ या क्रमांकावर फोन लावला. पलीकडून एका बाईंनी जे विचारले ते ऐकून मला हसूच आले. काय घेतले? केव्हा? किती पैसे? काय बिघडले? काय हवे? तेच ते पाच प्रश्न! माझी उत्तरे तयार होती. एकदाही आवाज न चढवता माझे बोलणे पाच मिनिटांत संपले आणि मला तक्रारीचा क्रमांक मिळाला.

आठवड्याभराने कंपनीच्या माणसाचा फोन आला, आणि त्याच्या तिसऱ्या दिवशी एक कारागीर आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. सोबत नवीन मशीनचे खोके होते, आणि ते खांद्यावर घेऊन आलेला होता दुकानातला तोच मुलगा, ज्याच्यावर मी तुटून पडले होते.

कारागिराने जुनी मशीन उघडली आणि आतल्या शटलची जुळणीच मुळात चुकलेली आहे, असे सांगितले. तेलाचा काही संबंध नव्हता. आईने सुटकेचा असा निःश्वास टाकला की जणू तिच्यावरचा खटला मागे घेतला गेला. नवीन मशीन बसली. पक्के बिल मिळाले, आणि तेही नऊ हजार दोनशेचेच.

मी चहा घेऊन त्या मुलाजवळ गेले. तो मला ताई म्हणाला. तोही बारावी पास होता. घरच्या अडचणीमुळे पुढे शिकता आले नव्हते. बोलता बोलता त्याने सांगितले की त्याच खेपेच्या आणखी दोन मशीनी बिघडून आल्या होत्या आणि त्याने ते शेठना आधीच सांगितले होते; पण कागदावर कोणी काही दिले नव्हते, म्हणून शेठही कंपनीला काही लिहीत नव्हते. “तुमचं पत्र आलं तेव्हा कुठं हालचाल झाली, ताई.” माझ्या त्या दिवशीच्या तमाशाबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. मला मात्र चहाची कपबशी हातात धरवेना. ज्याच्या हातात काहीच नव्हते, त्याच्यावर मी माझी सगळी विद्या पाजळली होती. दुकानाचे नाव मी देत नाही ते यासाठी. चूक सुधारली गेली. आता त्या नावाशी माझे भांडण उरले नाही, आणि त्या नावाखाली तो मुलगाही उभा आहे.

आणखी एक गोष्ट राहून गेली, ती मला फार उशिरा उमगली. बिल आले, मशीन आली, पण त्या दोन फाटक्या गणवेषांचे पैसे? आईने काकूंकडे जागून काढलेल्या रात्री? कायद्याने नुकसानभरपाई मागता येते, हे मी स्वतः वाचले होते. तरीही मी पत्रात ती मागितली नाही, कारण आईच्या मजुरीलाही किंमत असते हे मला, तिच्या शिकलेल्या मुलीला, सुचलेच नव्हते. शेठच्या हिशेबात आईचे कष्ट नव्हते, म्हणून मी रागावले होते. माझ्या हिशेबात तरी ते कुठे होते?

मित्रमैत्रिणींनो, ही हकीकत मी माझी बढाई सांगायला लिहिली नाही. आपल्यापैकी बहुतेकजण माझ्यासारख्याच घरांतून आलेले आहेत. शीतपेयाच्या बाटलीवर छापलेल्या किमतीत सर्व कर धरलेले असतात आणि त्याहून जास्त घेणे कायद्यात बसत नाही, हे ठाऊक असूनही ‘गार करण्याचे’ दोन रुपये आपण देऊन टाकतो. धानाचे बियाणे उगवले नाही तर आपले वडील पावसाला दोष देतात. पण बियाण्याची पिशवी, तिच्यावरचा टॅग, बिल आणि मूठभर बियाणे जपून ठेवून तालुक्याच्या कृषी कार्यालयाकडे वेळेत अर्ज केला, तर शेताची पाहणी आणि पंचनामा होऊ शकतो. सदोष बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले आहे. हे आपल्या घरी कोण सांगणार? जो वाचू शकतो त्यानेच सांगायचे. आपण कॉलेजात येऊन दुसरे काही शिकलो नाही, तरी आपल्या माणसांचा राग अर्ध्या पानावर मांडण्याइतके शिकलो, तर ते थोडे नव्हे.

आमच्या घरात त्यानंतर काही बारीकसारीक बदल झाले. आई आता माप घेतले की वहीत तारीख घालते आणि गिऱ्हाइकाला चिठ्ठी देते. मध्यंतरी एक बाई ब्लाऊज तंग झाला म्हणून परत घेऊन आल्या. “तुमचं माप तसंच होतं,” असे आई म्हणाली; मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. तिने वही काढली, माप पाहिले आणि मुकाट्याने ब्लाऊज उसवायला घेतला. चूक तिचीच होती.

आणि बाबा. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही नेहमीप्रमाणे फळीवर गेलो. मुन्शीने पुडे मोजले आणि नेहमीप्रमाणे सहा पुडे बाद करून ढिगात टाकले. बाबा पुढे झाले. आवाज चढविला नाही, हातही जोडले नाहीत. “भाऊ, आज तारीख अकरा. तीनशे पुडे आणले, सहा बाद झाले. ते कार्डावर लिहून द्या, नाई तं पुडे वापस द्या.” मुन्शी क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिला. मग त्याने ढिगातून पुडे काढून पुढे सरकवले. सहा नव्हते, चारच होते. बाबांनी ते मोजले आणि तेवढेच घेतले.

परतताना अंधार पडला होता. मी न राहवून विचारले, “बाबा, उद्या त्यानं डूख धरला तं?”

बाबा चालता चालता म्हणाले, “उद्याही त्याच्याकडंच जाचं हाये ना, बाई. म्हणून तं आज इचारलो.”